‘निव्वळ नफा’ आणि इराणची तेलसनद

इ. स. १९०१ च्या मे महिन्यात इराणचे शहा मुझफ्फरुद्दीन यांनी विल्यम नॉक्स डार्सी या इंग्रज भांडवलदारास ६० वर्षांच्या मुदतीची तेलसनद दिली. उत्तरेकडील पाच प्रांत वगळता सारा देश तिच्या कक्षेत आला. मोबदल्यादाखल २०,००० पौंड रोख, तितक्याच किमतीचे भाग, आणि सनदेनुसार स्थापन होणाऱ्या कंपनीच्या वा कंपन्यांच्या वार्षिक निव्वळ नफ्याचा शेकडा १६ हिस्सा सरकारास मिळावयाचा होता. चर्चा बहुधा या शेकडा १६ वर खिळते. वादाचे मूळ मात्र ‘निव्वळ नफा’ या दोन शब्दांत होते. त्यांची व्याख्या सनदेत केलेली नव्हती.

सनदेची आणखी दोन कलमे या दृष्टीने वाचण्यासारखी आहेत. सनद फ्रेंच भाषेत लिहून तिचे फारसी भाषांतर करण्यात आले होते. परंतु अर्थाविषयी तंटा उद्भवल्यास केवळ फ्रेंच पाठ प्रमाण मानावा, असे ठरले होते. दुसरे कलम शाही आयुक्ताविषयीचे. सरकारच्या वतीने देखरेख करणाऱ्या या अधिकाऱ्याचे १,००० पौंडांचे वार्षिक वेतन सनदधारकानेच द्यावयाचे होते! ज्या राज्यापाशी स्वतःचे हिशेबतपासनीस नाहीत, त्याची देखरेखही अशी दुसऱ्याच्या खर्चाने चालते.

इ. स. १९०८ मध्ये मस्जिद-इ-सुलेमान येथे तेल लागले व पुढील वर्षी अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी स्थापन झाली. तेहरानची सत्ता दक्षिणेत नाममात्र असल्याने विहिरींच्या संरक्षणासाठी १९०५ मध्येच बख्तियारी खानांशी निराळा करार झाला होता. आबादानच्या शुद्धीकरण कारखान्याची जागा १९०९ मध्ये मोहम्मराचा शेख खझल याच्याकडून ब्रिटिश रेसिडेंट पर्सी कॉक्स यांच्या मध्यस्थीने घेण्यात आली. ईस्ट इंडिया कंपनीच्या इतिहासाचा परिचय असलेल्यास ही रीत नवी वाटणार नाही. पुढे १९१५ मध्ये टोळीवाल्यांनी तेलवाहिनी तोडली, तेव्हा मात्र कंपनीस मध्यवर्ती सरकारचे स्मरण झाले. संरक्षणाची जबाबदारी सनदेने सरकारवर टाकली आहे, असे म्हणून तिने नुकसानभरपाई मागितली व सरकारचा हिस्सा अडवून ठेवला. जे सरकार दुर्बल म्हणून वगळले होते, त्याच सरकारच्या दुर्बलतेचे बिल त्याच्याच नावावर मांडण्यात आले.

दरम्यान १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने कंपनीचे बहुसंख्य भाग विकत घेतले आणि आरमारासाठी दीर्घ मुदतीचा तेलपुरवठा करार केला. मालक व मोठा गिऱ्हाईक एकच झाल्यावर विक्रीचा भाव, आणि त्यावर अवलंबून असणारा नफा, कोणी ठरवावयाचा? १९२० मध्ये इराणच्या वतीने हिशेब तपासण्याचे काम आर्मिटेज-स्मिथ या ब्रिटिश अर्थखात्याच्या अधिकाऱ्याकडे आले. त्यांनी नेमलेले लेखापाल मॅक्लिंटॉक यांचे निष्कर्ष कंपनीस अनुकूल नव्हते. तथापि डिसेंबर १९२० च्या तडजोडीत मागील येण्यापोटी १० लक्ष पौंड घेऊन इराणबाहेरील जहाजवाहतुकीचा नफा हिश्शातून वगळण्यात आला. ‘कंपनी वा कंपन्या’ या शब्दांचा व्याप असा आकुंचित झाला.

१९३० मध्ये सुमारे १३ लक्ष पौंड असलेला इराणचा हिस्सा १९३१ मध्ये सुमारे ३ लक्षांवर आला. जागतिक मंदी हे कारण खरे होते. पण ते पडताळून पाहण्याचे साधन तेहरानपाशी नव्हते. रझा शहांनी नोव्हेंबर १९३२ मध्ये सनद रद्द केली. १९३३ च्या नव्या करारात नफ्याऐवजी दर टनामागे ४ शिलिंग असा दर आला. टन मोजता येतो, ही सुधारणा खरीच. मात्र लाभांशावरील जादा हिस्सा लंडनमधील निर्णयांवर अवलंबून राहिला आणि मुदत १९९३ पर्यंत लांबली.

१९५१ मध्ये मजलिसने तेलधंद्याचे राष्ट्रीयीकरण केले. १९३३ चा करार दोन राज्यांमधील तह नव्हे, या मुद्द्यावर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै १९५२ मध्ये आपणास अधिकार नसल्याचा निर्णय दिला. ऑगस्ट १९५३ मध्ये ब्रिटिश व अमेरिकन गुप्तहेर खात्यांच्या साहाय्याने मोसादेक यांचे सरकार उलथविण्यात आले. १९५४ च्या कंपनीसंघाने नफ्याचा निम्मा वाटा देऊ केला. आपल्या हिशेबाच्या वह्या मात्र त्याने इराणी तपासनिसांस खुल्या केल्या नाहीत.