शाळा विकास आराखडा

शाळा विकास आराखडा म्हणजे शाळेच्या पुढील तीन वर्षांच्या गरजांचा अंदाज व त्यांची मागणी मांडणारा, शाळा व्यवस्थापन समितीने तयार करावयाचा लेखी दस्तऐवज होय. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समिती स्थापन होते, तर कलम २२ तिच्यावर हा आराखडा तयार करण्याची जबाबदारी टाकते. शासनाने किंवा स्थानिक प्राधिकरणाने शाळेला द्यावयाच्या अनुदानांचा आधार हाच आराखडा असेल, असे कायदा म्हणतो. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात बहुतेक प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्या असल्याने येथे हा विषय मुख्यतः जिल्हा परिषद शाळांशी निगडित आहे.

पूर्वपीठिका

गावाने शाळेसाठी जागा, श्रम आणि धान्य देण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचे कार्य अशाच लोकाश्रयावर वाढले. मात्र गावाने देणगी देणे वेगळे आणि शाळेचे नियोजन गावाच्या हाती असणे वेगळे. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर प्राथमिक शाळांचा कारभार जिल्ह्याच्या ठिकाणी गेला. शिक्षकाची नेमणूक, वर्गखोलीची मंजुरी व खर्च तेथेच ठरू लागला. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर ग्राम शिक्षण समित्यांची कल्पना पुढे आली आणि सर्व शिक्षा अभियानाच्या काळात त्यांना बांधकाम व अनुदानाच्या खर्चात वाटा मिळाला. या समित्यांत गावातील पदाधिकारी व प्रतिष्ठित यांचे वजन अधिक असे. ज्यांची मुले त्या शाळेत शिकतात त्यांचेच बहुमत असावे, हा बदल २००९ च्या कायद्याने घडवला. कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला.

समितीची रचना

समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या स्त्रिया असणे आवश्यक आहे. वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. उर्वरित जागांवर स्थानिक प्राधिकरणाचा प्रतिनिधी, शिक्षक आणि स्थानिक शिक्षणतज्ज्ञ येतात. अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो. मुख्याध्यापक सदस्य सचिव असतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित व अल्पसंख्याक शाळांत ही समिती केवळ सल्लागार उरली आहे.

समितीची पुनर्रचना दर दोन वर्षांनी होते, आराखडा मात्र तीन वर्षांचा असतो. त्यामुळे ज्यांनी आराखडा लिहिला ते पालक तो पूर्ण होईपर्यंत समितीत असतातच असे नाही. पहिली ते चौथीच्या शाळेत तर चौथीतील मुलाचा पालक एका वर्षातच बाहेर पडतो. जुने इतिवृत्त नव्या सदस्यांना वाचून दाखवण्याची साधी पद्धत जेथे पाळली जाते, तेथे हा खंड काहीसा भरून निघतो.

आराखड्यातील मजकूर

केंद्राच्या आदर्श नियमांनुसार आराखड्यात प्रत्येक वर्षासाठी इयत्तावार अपेक्षित पटसंख्या, लागणारे जादा शिक्षक, वर्गखोल्या व इतर भौतिक सुविधा आणि त्यांसाठीचा निधी यांचा अंदाज असतो. तीन वर्षांच्या आराखड्याचे तीन वार्षिक उपआराखडे केले जातात. अध्यक्ष व सदस्य सचिव यांच्या सह्यांनंतर तो आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी स्थानिक प्राधिकरणाकडे पाठवायचा असतो.

सर्व मागण्या पटाच्या अंदाजावर उभ्या राहतात. कायद्याच्या अनुसूचीनुसार प्राथमिक शाळेत साठ विद्यार्थ्यांपर्यंत दोन शिक्षक व ६१ ते ९० पर्यंत तीन शिक्षक असावेत. म्हणजे साठ आणि एकसष्ट यांतील एका मुलाने शाळेला एक शिक्षक मिळतो. कोणत्या घरात किती लहान मुले आहेत, कोणते कुटुंब शहराकडे निघाले आहे, कोणत्या वस्तीवरच्या मुली ओढ्याला पाणी आले की घरी राहतात, ही माहिती कार्यालयातील तक्त्यात नसते. ती अंगणवाडीताईला, आशाताईला आणि शेजाऱ्यांना असते. आराखड्यासाठी गावकऱ्यांची खरी गरज येथे आहे. व्यवहारात मात्र पुष्कळ ठिकाणी छापील नमुना मुख्याध्यापक एकट्यानेच भरतो, मागील वर्षाचे आकडे थोडे फिरवतो आणि सह्यांसाठी वही घरोघर पाठवतो. यात केवळ शिक्षकाचा दोष नाही. दोनशिक्षकी शाळेत अध्यापन, पोषण आहार, ऑनलाइन माहिती आणि समित्यांची दप्तरे हे सारे त्याच दोन माणसांवर असते.

काही गावांत नियोजन खरोखर लोकांनी हाती घेतले. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील वाबळेवाडी येथील जिल्हा परिषद शाळा ग्रामस्थांच्या सहभागामुळे राज्यभर परिचित झाली. लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या अशा शाळांची उदाहरणे नेहमी दिली जातात. परंतु ज्या गावात वर्गणी देण्याइतका पैसाच नाही, तेथील शाळेला निधी मिळावा याच हेतूने आराखडा हा कायद्याचा भाग झाला आहे. लोकसहभाग म्हणजे वर्गणी असा अर्थ रूढ झाल्याने ही बाब मागे पडते.

वेळापत्रक आणि स्थलांतर

समिती प्रथम स्थापन होते ते आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी आराखडा तयार व्हावा, अशी आदर्श नियमांत तरतूद आहे. म्हणजे डिसेंबरअखेर. बीड जिल्हा व मराठवाड्यातील इतर अनेक भागांतील ऊसतोड कामगारांची कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात व हंगाम संपल्यावर परततात. ज्या वस्तीत निम्मे पालक कोयत्यावर गेले आहेत, तेथे डिसेंबरातील सभेला पालकांचे बहुमत जमणार कोठून? अशा गावांत मुले गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे आणि ती शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालवली जाते. आजी-आजोबांकडे राहिलेल्या मुलांच्या जेवणाची सोय समितीने पाहायची आणि त्याच समितीचे निम्मे सदस्य फडात, अशी ही स्थिती आहे. पालक गावात असतात तो पावसाळ्याचा काळ. आराखड्याची पहिली सभा तेव्हाच घेतली तर त्यांचे म्हणणे कागदावर येऊ शकते. नियमांत त्याला आडकाठी नाही.

कमी पटाच्या शाळा

शाळेच्या भवितव्याचा सर्वांत मोठा प्रश्न ती राहणार की नाही हा आहे, आणि नेमका तोच आराखड्याच्या कक्षेबाहेर ठरतो. २०१७ च्या अखेरीस राज्यात दहापेक्षा कमी पट असलेल्या सुमारे तेराशे शाळांचे जवळच्या शाळांत समायोजन करण्याचा निर्णय झाला व त्याला विरोध झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा विकसित करण्यासाठी प्रस्ताव मागवण्यात आले. अशा शाळांची संख्या तेव्हा १४,७८३ सांगितली गेली. नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ व पुणे जिल्ह्यातील पानशेत येथील समूह शाळा नमुना म्हणून पुढे ठेवण्यात आल्या.

समूह शाळेच्या बाजूने मांडले जाणारे कारण दुर्लक्षण्याजोगे नाही. चार इयत्तांत मिळून सात मुले असतील तर त्यांना सोबती, खेळ आणि विषयशिक्षक मिळत नाहीत. दुसरीकडे, नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत, तर सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत असावी लागते. दुर्गम भागात ते शक्य नसेल तर मोफत वाहतूक किंवा निवासाची सोय करणे बंधनकारक आहे. सह्याद्रीतील वाडी किंवा सातपुड्यातील पाडा यांच्यासाठी नकाशावरचे अंतर आणि सहा वर्षांच्या मुलाच्या पायांखालचे अंतर एक नसते.

शाळा बंद वा समायोजित करण्यापूर्वी समितीची संमती घ्यावी, असे कलम २१ किंवा २२ सांगत नाही. तरीही समितीचा ठराव, ग्रामसभेचा ठराव आणि पुढील तीन वर्षांत दाखल होणाऱ्या बालकांची वस्तीनिहाय यादी असलेला आराखडा गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे दाखल असेल, तर निर्णय केवळ चालू वर्षाच्या पटावर घेणे अवघड होते. वाहन येणार असेल तर ते कोणत्या वाटेने, पावसाळ्यात कोठपर्यंत येईल आणि मुलांसोबत कोण असेल, हेही त्याच आराखड्यात लिहिता येते.