पुनर्रचना, अमेरिकेतील (१८६५–७७)

अमेरिकेतील यादवी युद्ध (१८६१–६५) संपल्यावर फुटून निघालेली दक्षिणेतील अकरा राज्ये संघराज्यात परत घेण्याचा आणि गुलामीतून सुटलेल्या सुमारे ४० लाख कृष्णवर्णीयांना नागरिकत्वाचे हक्क देण्याचा जो प्रयत्न झाला, त्यास ‘रीकन्स्ट्रक्शन’ म्हणजे पुनर्रचना म्हणतात. राज्ये परत आली आणि हक्कही राज्यघटनेत लिहिले गेले. परंतु त्यांना जमिनीची जोड मिळाली नाही आणि सरकारी संरक्षण टिकले नाही. त्यामुळे दक्षिणेत ते दीर्घकाळ बव्हंशी कागदावरच राहिले.

आरंभ : अध्यक्ष अब्राहम लिंकनने १ जानेवारी १८६३ रोजी बंडखोर राज्यांतील गुलाम मुक्त झाल्याचे जाहीर केले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याने एक सौम्य योजना मांडली. १८६० साली मतदान केलेल्यांच्या एक-दशांश इतक्या लोकांनी निष्ठेची शपथ घेतली, की त्या राज्याला नवे सरकार बनविता येणार होते. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली शरण आला. पाचच दिवसांनी लिंकनवर गोळी झाडली गेली आणि १५ एप्रिलला त्याचा मृत्यू झाला. उपाध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाला. तो संघराज्याशी एकनिष्ठ होता, पण कृष्णवर्णीयांना समान हक्क देण्यास त्याचा विरोध होता. गुलामी नष्ट करणारी १३ वी घटनादुरुस्ती डिसेंबर १८६५ मध्ये संमत झाली. तरीही दक्षिणेतील जुन्या मंडळींनी विधिमंडळांत परतताच ‘ब्लॅक कोड’ नावाचे कायदे केले. मिसिसिपीत दरवर्षी जानेवारीत कामावर असल्याचा लेखी पुरावा बाळगणे कृष्णवर्णीयांना सक्तीचे झाले. वर्ष पुरे होण्याआधी काम सोडल्यास मजुरी बुडे. भटकेपणाचा दंड भरता न आल्यास माणूस मजुरीसाठी दुसऱ्याच्या हवाली केला जाई.

जमिनीचा प्रश्न : जानेवारी १८६५ मध्ये जनरल विल्यम शर्मनने दक्षिण कॅरोलायना ते फ्लॉरिडा या किनारपट्टीतील जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांसाठी राखून ठेवली. प्रत्येक कुटुंबास ४० एकरांपर्यंत जमीन मिळायची होती, आणि सुमारे ४० हजार लोक तेथे वसलेही. मात्र जॉन्सनने जुन्या मालकांना माफी देऊन या जमिनी परत करण्याचा आदेश दिला. मुक्त झालेल्यांच्या मदतीसाठी स्थापन झालेल्या ‘फ्रीडमन्स ब्यूरो’चा प्रमुख जनरल ऑलिव्हर हॉवर्ड ऑक्टोबर १८६५ मध्ये ही बातमी घेऊन एडिस्टो बेटावर गेला. चर्च माणसांनी खच्चून भरले होते. निरोप ऐकताच सभेत नकाराचा गलका उठला. तेवढ्यात एका बाईने दुःखाचे भजन धरले आणि सारे तिच्यामागे गाऊ लागले. नंतर बेटावरच्या लोकांनी लेखी अर्ज केला. जमीन नसेल तर जुन्या मालकांच्याच मर्जीवर जगावे लागेल, हे त्यांनी त्यात बजावले होते. तसेच घडले. मळेवाल्याची जमीन वाट्याने कसायची आणि पिकाच्या तारणावर दुकानदाराकडून उधारी घ्यायची, ही रीत रूढ झाली. कापसाचे भाव पडले की हंगामाच्या शेवटी कुळाच्या हाती कर्जच उरे. ब्यूरोचे टिकाऊ काम शिक्षणात झाले. त्याने हजारो शाळांना साहाय्य केले. वॉशिंग्टनमधील हॉवर्ड विद्यापीठ (१८६७) याच जनरलच्या नावाने ओळखले जाते.

काँग्रेसची पुनर्रचना : थॅडियस स्टीव्हन्स, चार्ल्स समनर आदी जहाल रिपब्लिकनांच्या पुढाकाराने काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, सूत्रे हाती घेतली. जॉन्सनचा नकाराधिकार डावलून ९ एप्रिल १८६६ रोजी नागरी हक्कांचा कायदा झाला. करार करणे, दावा लावणे, मालमत्ता घेणे-विकणे यांबाबत गोऱ्यांना असलेले हक्क त्याने सर्व नागरिकांना दिले. १४ व्या घटनादुरुस्तीने (१८६८) जन्मसिद्ध नागरिकत्व व कायद्याचे समान संरक्षण दिले. १५ व्या घटनादुरुस्तीने (१८७०) वंश वा वर्ण यांवरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली. मतदानाचा हक्क स्त्रियांना मात्र मिळाला नाही. टेनेसी आधीच संघराज्यात परतले होते. उरलेल्या दहा राज्यांचे १८६७ च्या कायद्यांन्वये पाच लष्करी विभाग करण्यात आले आणि कृष्णवर्णीय पुरुषांच्या मतदानासह नव्या राज्यघटना बनविण्याची अट घातली गेली. या झगड्यात जॉन्सनवर महाभियोग चालला. सीनेटमध्ये (१८६८) तो केवळ एका मताने बचावला.

मिसिसिपीचा हायरम रेव्हल्स १८७० मध्ये पहिला कृष्णवर्णीय सीनेटर झाला. दक्षिण कॅरोलायनाच्या कनिष्ठ सभागृहात कृष्णवर्णीयांचे बहुमत आले. रॉबर्ट स्मॉल्स हा तेथलाच. बोफर्ट येथे गुलामीत जन्मलेल्या स्मॉल्सने १८६२ मध्ये चार्ल्सटन बंदरातून शत्रूचे ‘प्लँटर’ हे जहाज पळवून संघराज्याच्या आरमाराच्या स्वाधीन केले होते. पुढे त्याने आपल्या जुन्या मालकाचेच घर विकत घेतले आणि १८७५ मध्ये तो काँग्रेसमध्ये गेला. दक्षिणेत राज्यव्यापी मोफत सार्वजनिक शाळा सुरू झाल्या त्या याच सरकारांच्या काळात.

प्रतिकार व शेवट : टेनेसीत निघालेल्या ‘कू क्लक्स क्लॅन’ या गुप्त संघटनेने खून, फटके व जाळपोळ यांचा मार्ग धरला. अध्यक्ष युलिसीझ ग्रँटने १८७१ च्या कायद्याखाली दक्षिण कॅरोलायनाच्या नऊ परगण्यांत लष्कर वापरून क्लॅन मोडून काढली. पण १८७३ च्या आर्थिक मंदीनंतर उत्तरेचा उत्साह ओसरला. त्याच वर्षी लुइझियानातील कोलफॅक्स येथे कृष्णवर्णीयांचे हत्याकांड झाले. त्यातील दोषींची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १८७६ मध्ये रद्द ठरविली. १८७६ ची अध्यक्षीय निवडणूक वादग्रस्त ठरली. तडजोडीनंतर रदरफर्ड हेझ १८५ विरुद्ध १८४ मतांनी अध्यक्ष झाला आणि एप्रिल १८७७ मध्ये दक्षिण कॅरोलायना व लुइझियाना येथील सरकारांना असलेला सैन्याचा आधार काढून घेण्यात आला. पुढे मतदान कर व साक्षरतेची परीक्षा यांच्या आडून मताधिकार हिरावला गेला. लुइझियानात १८९६ मध्ये १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ मध्ये ते १,३४२ उरले.

भारतीय संदर्भ : जोतीराव फुले यांनी गुलामगिरी (१८७३) हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पहिल्या गोलमेज परिषदेत अस्पृश्यांसाठी मागितलेल्या संरक्षणांना १४ व्या घटनादुरुस्तीबरोबरच १८६६ व १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांचाही आधार दिला. हक्क मोडणाऱ्यास शिक्षा नसेल तर हक्क निरुपयोगी, ही त्यामागची भूमिका होती.

मूल्यमापन : विसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम डनिंग व त्याच्या शिष्यांनी या कालखंडाची संभावना भ्रष्ट व अपात्र लोकांची राजवट अशी केली. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस (१९३५) व पुढे एरिक फोनर (१९८८) यांच्या ग्रंथांनी हे मत खोडून काढले. कालखंड संपला तरी त्याचे कायदे राहिले. १४ व्या घटनादुरुस्तीच्या आधारे १९५४ मध्ये सार्वजनिक शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरला. १९६५ च्या कायद्याने मताधिकार प्रत्यक्षात आला. १९६८ मध्ये वर्णावरून घर विकण्यास नकार देणे बेकायदेशीर आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला तो १८६६ च्याच कायद्याखाली.