ऑपीची सायकल, केलरमनचे मोजे आणि तुमची पहिली ट्रायथलॉन

पहिल्या ट्रायथलॉनला नाव नोंदवलं, की दोन दिवसांत एक यादी हातात पडते. क्लबातलं कुणीतरी पाठवतं, नाहीतर दुकानदार देतो. ट्रायसूट, वेटसूट, गॉगल (दोन, एक तुटला तर), सायकल, हेल्मेट, क्लिपचे बूट, धावायचे बूट, नंबर अडकवायचा पट्टा, इलॅस्टिकच्या नाड्या, टॉवेल, सनस्क्रीन. बेरीज केली की पोटात गोळा येतो. डँडेनॉन्गमध्ये राहणाऱ्या आपल्या पोरापोरींचं गणित तसं सरळ असतं: भाडं, फी, गाडीचं पेट्रोल, आणि उरलं तर हौस. त्या उरलेल्यात ही यादी बसत नाही.

आम्ही पडलो इतिहासवाले. म्हणून यादीतल्या एकेका वस्तूला विचारत गेलो, बाई गं, तू इथे कधी आलीस? उत्तरं ऐकून जरा धीर येतो. आणि यातल्या बऱ्याच गोष्टींचे धागे डँडेनॉन्गपासून तास-दीड तासाच्या टापूत सापडतात, हे आम्हालाही आधी माहीत नव्हतं.

मुळात हा खेळच तरुण आहे. २५ सप्टेंबर १९७४ ला अमेरिकेत सॅन डिएगोच्या मिशन बे इथे जॅक जॉनस्टोन आणि डॉन शानाहान या दोघांनी एक शर्यत भरवली. एकाच स्पर्धेत धावणं, सायकल आणि पोहणं. ४६ जणांनी ती पूर्ण केली. तेव्हा ट्रायथलॉनचे कपडे नावाची वस्तूच जगात नव्हती. संध्याकाळची वेळ होती, शेवटचे लोक पाण्यात असताना अंधार पडला आणि गाड्यांचे दिवे लावून उजेड केला म्हणतात. त्या शर्यतीत जॉन आणि ज्युडी कॉलिन्स हे जोडपं होतं. पुढे १९७८ मध्ये त्यांनीच हवाईत ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि अख्खी मॅरेथॉन असा प्रकार सुरू केला, तो आयर्नमॅन. १५ जण उतरले, १२ पोचले. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या पेनरिथला नेपियन ट्रायथलॉन १९८२ मध्ये सुरू झाली. म्हणजे तुमच्या आईवडिलांच्या शाळेच्या वयाइतकाच हा खेळ जुना. ऑलिंपिकमध्ये तर तो २००० साली, सिडनीत आला.

आता कपडे. इथे थोडं थांबू, कारण पहिल्या ट्रायथलॉनची खरी धास्ती अनेकींना (आणि अनेकांनाही, ते बोलत नाहीत इतकंच) पाण्याची नसते, पाण्यात घालायच्या कपड्यांची असते. अंगाला चिकटलेला सूट घालून चारशे लोकांसमोर वाळूवरून पळायचं. फोटो निघणार, ते घरच्या ग्रुपवर जाणार, आणि मग मावशी काय म्हणेल.

डँडेनॉन्गहून अर्ध्या तासावर समुद्रकाठी मेंटोन आहे. १९०२ च्या सुमारास सिडनीहून एक कुटुंब मेलबर्नला आलं. आई मेंटोनच्या मुलींच्या शाळेत संगीत शिकवायला लागली आणि मुलगी, अ‍ॅनेट केलरमन, त्याच शाळेत शिकायला. लहानपणी अ‍ॅनेटचे पाय अधू होते, त्यांना लोखंडी पट्ट्या बांधाव्या लागत. पायांत बळ यावं म्हणून तिला पोहायला घातलं, आणि ती इतकी पोहली की न्यू साउथ वेल्सची विजेती झाली. मेलबर्नमध्ये ती शाळा सांभाळून पोहण्याचे खेळ करून दाखवायची. एक्झिबिशन अक्वेरियममध्ये काचेच्या टाकीत माशांबरोबर, दिवसातून दोनदा.

त्या काळात बायकांनी पाण्यात उतरायचं ते झगा, विजार, मोजे असा सगळा संसार अंगावर घेऊन. ओल्या कापडाचं वजन किती होतं, हे विहिरीत लुगड्यानिशी उतरलेल्या कुठल्याही आजीला विचारा. पुढे लंडनमध्ये राजघराण्यातल्या पाहुण्यांसमोर पोहायचं ठरलं, पण उघडे पाय चालणार नाहीत असा निरोप आला. तेव्हा अ‍ॅनेटनं, तिच्याच सांगण्यानुसार, मुलांच्या पोहायच्या सूटला लांब काळे मोजे शिवून टाकले. झाला एकसंध पोशाख. पुढे तो तिच्या नावानं ओळखला गेला. १९०७ साली बोस्टनजवळच्या किनाऱ्यावर याच पोशाखापायी तिला अटक झाली, ही गोष्ट इंटरनेटवर ठिकठिकाणी वाचायला मिळते. ती तिनंच बऱ्याच वर्षांनी सांगितलेली आहे, तेव्हा इतिहासकार जरा जपूनच वापरतात. मोज्यांची गोष्ट मात्र आम्हाला जास्त मोलाची वाटते. आधुनिक स्विमसूटची आजी म्हणावी असा हा पोशाख, आणि तो शिवला गेला पाय झाकण्यासाठी! झाकायचं की नाही हा तिथला वाद नव्हताच. पाय हलले पाहिजेत, एवढीच तिची अट होती.

पुढचा टप्पा सिडनीचा. स्कॉटलंडहून आलेल्या अलेक्झांडर मॅक्रे यांची मोजे आणि आतले कपडे विणायची गिरणी होती, १९१४ पासूनची. तिथे पोहायचे सूट विणायला लागले आणि १९२८ मध्ये त्यांना स्पीडो हे नाव मिळालं. पाठीचा भाग कापून खांदे मोकळे केलेला सूट ही त्यांची करामत. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्लेअर डेनिस ही ऑस्ट्रेलियन मुलगी असाच सूट घालून उतरली, तर खांदे फार दिसतात म्हणून तक्रार झाली आणि ती बाद होता होता वाचली. मग २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं सुवर्णपदक घेऊन घरी आली.

आणि २००४ मध्ये पुन्हा सिडनीतच, लेबनॉनमध्ये जन्मलेल्या अहेदा झनेटी यांनी बुर्किनी शिवली. डोक्यापासून घोट्यापर्यंत झाकणारी, तरी हलकी. डोक्यावर रुमाल घेऊन नेटबॉल खेळणाऱ्या भाचीची धडपड बघून त्यांना कल्पना सुचली. एकीनं खांदे मोकळे केले, दुसरीनं अंग झाकलं, पण दोघींना पाणी हवं होतं.

मग तुम्ही काय घालायचं? ट्रायसूट म्हणजे पोहताना, सायकलवर आणि धावताना न बदलता चालणारा एकच कपडा. पातळ गादी शिवलेली, लगेच वाळणारा. सोयीचा आहे, पण पहिल्या छोट्या शर्यतीला तो असलाच पाहिजे असं नाही. अंगभर पोहायचा टॉप आणि सायकलची आखूड विजार चालते. त्यावरून सुटसुटीत टी-शर्ट, लांब टाइट्स, डोक्यावर रुमाल, काय हवं ते आधी आयोजकांना विचारून घ्या. इथल्या उन्हात अंगभर कपड्यांकडे कुणी वळून बघत नाही. १९८१ मध्ये व्हिक्टोरियाच्याच कर्करोगविरोधी संस्थेनं शर्ट घाला, क्रीम लावा, टोपी घाला अशी गाणं म्हणणाऱ्या पक्ष्याची मोहीम काढली होती. अंग झाकून समुद्रावर जाणं हे इथे तेव्हापासून शहाणपणाचं लक्षण आहे. मावशीला आणि स्किन स्पेशालिस्टला एकाच कपड्यात खूश करता येतं, अशी संधी क्वचितच मिळते.

वेटसूटची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे प्रश्न जिवाचा असू शकतो. निओप्रीन हे कृत्रिम रबर १९३० मध्ये अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीत तयार झालं. त्याचा पाणबुड्यांसाठी सूट करायची कल्पना ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाची, १९५२ च्या आसपासची. इकडे पोर्ट फिलिप उपसागराच्या पलीकडे, टॉर्कीत, १९६९ मध्ये रिप कर्ल सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत थंड पाण्यातल्या सर्फिंगसाठी वेटसूट शिवायला लागली. पण हे सगळे सूट पोहायला जड. हात फिरवायला मोकळे, पाण्यावर तरंगवणारे आणि पटकन उतरणारे असे खास ट्रायथलॉनचे सूट १९८७ मध्ये डॅन एम्पफील्ड यांच्या क्विंटाना रू कंपनीनं काढले.

आपल्याकडे तरंगायला काय होतं? सांगड. वाळलेले भोपळे दोरीनं बांधायचे, पाठीला आवळायचे आणि विहिरीत ढकलून द्यायचं. कुणी पांगाऱ्याचं हलकं लाकूड बांधायचं, नंतर पत्र्याचे डबे आले. पण विहिरीला काठ असतो, आणि तिथे वर बसलेला काका असतो. मॉर्डियालॉक किंवा सेंट किल्डाच्या समुद्रात तळ दिसत नाही, लाट तोंडावर येते, शेजारच्याची लाथ गॉगलवर बसते, आणि थंड पाण्यात पहिला श्वास अडकतो. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळात ट्रायथलॉनमधल्या मृत्यूंच्या आणि हृदय अचानक बंद पडल्याच्या १३५ घटना संशोधकांनी गोळा केल्या. त्यातल्या ९० पोहताना घडल्या होत्या. वेटसूट ऊब देतो, तरंगवतो, पण नवा घट्ट सूट शर्यतीच्या सकाळीच पहिल्यांदा घातला तर छाती आवळल्यासारखी वाटते आणि माणूस घाबरतो. म्हणून तो विकत घेण्यापेक्षा सुरुवातीला भाड्यानं घ्या, पण आठ-पंधरा दिवस आधी घ्या, आणि सोबत कुणीतरी असताना समुद्रात दोनतीनदा घालून पोहा. मानेला कुठे काचतं ते कळेल. नोबल पार्कच्या तलावात लांब अंतराचा सराव होतो, पण तळाला आखलेली काळी रेघ समुद्रात नसते, हे लक्षात असू द्या. पाणी ठरावीक तापमानापेक्षा गरम असेल तर वेटसूटला बंदीही असते. तेव्हा त्याच्याशिवायही अंतर पार होईल इतका सराव हवाच. यादीतल्या या एका ओळीवर काटकसर करू नका, आणि पैशांपेक्षा दिवस जास्त खर्च करा.

सायकलवर मात्र करा. डँडेनॉन्गहून शहराकडे जाताना वाटेत मॅलव्हर्न लागतं. टॉम फिनिगन नावाच्या सायकलपटूनं १८९८ ची ऑस्ट्रल व्हील रेस जिंकली आणि बक्षिसाच्या पैशांतून काही वर्षांनी तिथे ग्लेनफेरी रोडवर सायकलचं दुकान टाकलं. ते मॅलव्हर्न स्टार. १९२० मध्ये ब्रूस स्मॉल यांनी ते विकत घेतलं आणि एका किडकिडीत तरुणाला हाताशी धरलं, ह्युबर्ट ऑपरमन, लोकांचा ऑपी. १९२८ च्या टूर द फ्रान्समध्ये तो गेला. युरोपातल्या मोठ्या संघांपुढे यांचा संघ चौघांचा, तरी ऑपी अठरावा आला. १९३१ मध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही हजारावर किलोमीटरची शर्यत त्यानं ४९ तास २३ मिनिटांत जिंकली. मॅलव्हर्न स्टार घरोघर पोचली ती ऑपीच्या नावावर.

पण ऑपीची आठवण काढायचं खरं कारण पुढे आहे. तो राजकारणात गेला आणि १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियाचा इमिग्रेशन मंत्री झाला. १९०१ पासून या देशात गोऱ्यांखेरीज इतरांना स्थायिक होऊ न देण्याचं धोरण होतं. मार्च १९६६ मध्ये संसदेत उभं राहून, युरोपाबाहेरच्या शिकलेल्या, कामाच्या लोकांचे अर्ज त्यांच्या पात्रतेवर पाहिले जातील, आणि नागरिकत्वासाठी पंधराऐवजी पाच वर्षं पुरतील, असं जाहीर करणारा मंत्री हा आपला सायकलवाला. दार सताड उघडलं नाही, किलकिलं झालं. धोरण पुरतं संपायला १९७३ उजाडलं. तरी फॉस्टर स्ट्रीटवर आज साड्यांची आणि मिठाईची दुकानं आहेत, आणि तुम्ही तिथे समोसा खात शर्यतीचा फॉर्म भरताय, या साखळीत ऑपीची ती घोषणा एक कडी आहे. सायकलच्या इतिहासात आम्हाला हे सापडेल असं वाटलं नव्हतं.

तर सायकल. मैत्रिणीची, ऑफिसातल्या कुणाची, जुनी, सरळ हँडलची, कुठलीही. ब्रेक लागतात ना, चाकात हवा आहे ना, सीट तुमच्या उंचीला लावली आहे ना? बस. दुकानात एकदा दाखवून घ्या आणि डँडेनॉन्ग क्रीकच्या ट्रेलवर ओल्या विजारीत दहा-वीस किलोमीटर मारून बघा. कुठे काय घासतं ते दुकानदारापेक्षा तुमच्या मांड्या जास्त नीट सांगतील. क्लिपचे बूट पुढच्या वर्षी.

हेल्मेटला पर्याय नाही. सायकलस्वारांना हेल्मेटची सक्ती करणारं जगातलं पहिलं राज्य व्हिक्टोरिया, १ जुलै १९९० पासून. हेल्मेट दुसऱ्याचं वापरलेलं घेऊ नका, आधी आपटलेलं आहे का ते बाहेरून कळत नाही. ट्रायथलॉनमध्ये आणखी एक नियम: स्टँडवरून सायकल काढायच्या आधी हनुवटीखालचा पट्टा लागलेला हवा. घाईत नेमकं हेच विसरतं.

राहिले बूट. १९१९ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यती बघताना दोराबजी टाटांना दिसलं, की शेतकरी घरांतली पोरं अनवाणी, कुठल्याही शिकवणीशिवाय धावतायत आणि त्यांची वेळ परदेशातल्या धावपटूंच्या तोडीची आहे. त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला आपला छोटा संघ गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. गेल्या दशकात बारामतीला लता करे यांनी साठी ओलांडल्यावर, नवऱ्याच्या उपचारांच्या पैशांसाठी, नऊवारीत आणि अनवाणी धावून शर्यत जिंकली. त्यावर सिनेमाही निघाला. ही उदाहरणं बूट घेऊ नका म्हणून देत नाही. लताबाईंना त्या दिवशी चांगले बूट मिळाले असते तर बरंच झालं असतं, आणि गरिबीचं कौतुक दुरून करायला सोपं असतं. सांगायचं इतकंच, की सध्या रोज ज्यात धावता तेच बूट शर्यतीला घाला. नवी जोडी त्या दिवशी नको, फोड येतात. नाड्या मात्र इलॅस्टिकच्या घालून ठेवा. त्या स्वस्त असतात, आणि थंडीनं बोटं बधिर झाल्यावर गाठ मारता येत नाही.