शशी कपूर यांची मेहुणी ब्रिटनची लाडकी अभिनेत्री कशी झाली? वाचा फेलिसिटी केंडल यांची कारकीर्द

शशी कपूर आणि जेनिफर केंडल यांची प्रेमकहाणी हिंदी सिनेमाच्या चाहत्यांना तोंडपाठ असते. जुहूचं पृथ्वी थिएटर या दोघांनी उभं केलं, हेही बऱ्याच जणांना माहीत असतं. पण जेनिफर यांची धाकटी बहीण भारतात लहानाची मोठी झाली आणि पुढे ब्रिटनच्या घराघरांत पोहोचली, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

त्यांचं नाव फेलिसिटी केंडल. ब्रिटिश प्रेक्षकांच्या लेखी त्या म्हणजे एका विनोदी मालिकेतली गोड, हसतमुख बायको. या एका भूमिकेने त्यांना अफाट लोकप्रियता दिली. तिच्या चौकटीतून बाहेर पडायला मात्र त्यांना रंगभूमीवर मोठी मजल मारावी लागली.

नऊ महिन्यांच्या असताना पहिली भूमिका

फेलिसिटी यांचा जन्म २५ सप्टेंबर १९४६ चा, इंग्लंडमधला. वडील जेफ्री केंडल आणि आई लॉरा लिडेल दोघंही नट. जेफ्री यांचं मूळ आडनाव ब्रॅग. इंग्लंडमधल्या केंडल या आपल्या जन्मगावाचं नाव त्यांनी रंगमंचासाठी घेतलं आणि तेच घराण्याचं आडनाव झालं.

फेलिसिटी नऊ महिन्यांच्या असताना पहिल्यांदा रंगमंचावर आल्या. नाटक होतं शेक्सपिअरचं 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'.

दुसरं महायुद्ध संपल्यावर केंडल दांपत्याने 'शेक्सपिअराना' ही आपली फिरती नाटक कंपनी घेऊन भारतभर दौरे केले. आज एखाद्या संस्थानिकाच्या राजवाड्यात प्रयोग, तर उद्या शाळेच्या हॉलमध्ये. उत्पल दत्त यांनी या कंपनीत काम केलं, तसंच शशी कपूर यांनीही. तिथेच शशी आणि जेनिफर यांचं जुळलं आणि १९५८ मध्ये त्यांनी लग्न केलं.

कंपनी गावोगाव फिरायची, त्यामुळे फेलिसिटी यांची शाळा सतत बदलायची. लोरेटो कॉन्व्हेंटच्या सहा वेगवेगळ्या शाळांमध्ये त्या शिकल्या. अभिनयाची शाळा मात्र एकच होती, ती म्हणजे आईवडिलांची कंपनी.

पडद्यावर स्वतःच्याच घराची गोष्ट

१९६५ मध्ये 'शेक्सपिअरवाला' हा चित्रपट आला. निर्माते इस्माइल मर्चंट, दिग्दर्शक जेम्स आयव्हरी आणि संगीत सत्यजित राय यांचं. कथेला आधार होता जेफ्री यांच्या दौऱ्यांच्या डायरीचा. हिंदी सिनेमाची लाट येते आणि शेक्सपिअरची नाटकं करणाऱ्या एका इंग्रजी मंडळीचा प्रेक्षक आटत जातो, अशी ही गोष्ट.

जेफ्री आणि लॉरा या मंडळीच्या मालकांच्या भूमिकेत होते, तर फेलिसिटी त्यांच्या मुलीच्या, लिझीच्या. तिचा प्रियकर संजू साकारला होता खुद्द शशी कपूर यांनी, म्हणजे खऱ्या आयुष्यातल्या मेहुण्याने!

चित्रपटाच्या शेवटी आईवडील भारतातच राहतात आणि लिझी बोटीने इंग्लंडला निघते. फेलिसिटी यांनीही त्याच सुमारास इंग्लंड गाठलं. कागदोपत्री तो त्यांचा स्वतःचा देश होता. पण आयुष्य गेलं होतं भारतात, त्यामुळे तिथे त्या जवळजवळ परक्याच होत्या.

'द गुड लाइफ'ने नशीब पालटलं

१९६७ मध्ये 'मायनर मर्डर' या नाटकातून त्यांनी लंडनच्या रंगभूमीवर पाऊल टाकलं. १९७४ मध्ये ॲलन एकबर्न यांच्या 'द नॉर्मन कॉन्क्वेस्ट्स' या नाट्यत्रयीत त्या आणि पेनेलोपी कीथ एकत्र होत्या. पुढच्याच वर्षी दोघी पुन्हा एकत्र आल्या, या वेळी टीव्हीवर.

बीबीसीवर १९७५ ते १९७८ या काळात चाललेली 'द गुड लाइफ' ही ती मालिका. टॉम गुड चाळिशीला पोहोचतो आणि नोकरीला कंटाळून राजीनामा देतो. लंडनलगतच्या सर्बिटन या मध्यमवर्गीय उपनगरात नवराबायको परसात भाजी लावतात, डुकरं-कोंबड्या पाळतात आणि शक्यतो काहीच विकत न घेता जगायचं ठरवतात. त्यांच्या शेळीचं नाव जेराल्डिन आणि कोंबड्याचं नाव लेनिन! शेजारच्या ठसकेबाज मार्गोला हे अजिबात पटत नाही, आणि तिथूनच धमाल सुरू होते.

टॉम होते रिचर्ड ब्रायर्स, मार्गो पेनेलोपी कीथ, तिचा नवरा पॉल एडिंग्टन आणि टॉमची बायको बार्बरा म्हणजे फेलिसिटी. मालिकेचे जेमतेम ३० भाग झाले, पण १९७८ मधल्या अखेरच्या भागाच्या चित्रीकरणाला राणी एलिझाबेथ आणि प्रिन्स फिलिप स्वतः प्रेक्षकांत बसले होते.

योगायोग असा, की त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला मोठ्या बहिणीचं पृथ्वी थिएटर मुंबईत सुरू झालं. तिथलं पहिलं नाटक होतं मराठी नाटककार गो. पु. देशपांडे यांच्या 'उद्ध्वस्त धर्मशाळा'चा हिंदी प्रयोग. एक बहीण लंडनच्या टीव्हीवर शिखरावर होती, तर दुसरी जुहूत नाटकवाल्यांसाठी हक्काची जागा उभी करत होती. जेनिफर यांचं १९८४ मध्ये कर्करोगाने निधन झालं.

गोड बायकोच्या पलीकडे

बार्बरा इतकी गाजली, की पुढेही तशाच भूमिका करत राहणं सोपं होतं. फेलिसिटी यांनी मात्र दुसऱ्या टोकाच्या बाया निवडल्या. 'सोलो' (१९८१) मध्ये त्या फसवणाऱ्या जोडीदाराला सोडून एकटी राहणारी बाई झाल्या, आणि 'द मिस्ट्रेस' (१९८५) मध्ये विवाहित पुरुषाच्या प्रेमात पडलेली बाई.

खरी कसोटी लागली ती रंगभूमीवर. लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये १९७९ साली पीटर हॉल यांनी 'अमाडेअस' पहिल्यांदा रंगमंचावर आणलं, तेव्हा मोझार्टची बायको कॉन्स्टान्झ फेलिसिटी यांनी साकारली. लगेच १९८० मध्ये पॉल स्कोफिल्ड यांच्या ऑथेल्लोसमोर त्या डेस्डेमोना झाल्या. १९८९ मध्ये 'मच अडू अबाउट नथिंग' आणि 'इव्हानोव्ह' या दोन नाटकांसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा इव्हनिंग स्टँडर्ड पुरस्कार मिळाला.

स्टॉपर्ड, फेलिसिटी आणि भारत

नाटककार टॉम स्टॉपर्ड यांच्याशी त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं. 'ऑन द रॅझल', 'द रिअल थिंग', 'हॅपगुड', 'आर्केडिया' अशी त्यांची एकामागून एक नाटकं फेलिसिटी यांनी केली. नव्वदच्या दशकात काही वर्षं दोघं एकमेकांचे जोडीदारही होते.

दोघांत आणखी एक समान धागा होता, तो म्हणजे भारतातलं बालपण. चेकोस्लोव्हाकियात जन्मलेले स्टॉपर्ड युद्धाच्या धामधुमीत आईसोबत भारतात आले आणि दार्जिलिंगच्या शाळेत शिकले.

१९९१ मध्ये स्टॉपर्ड यांनी 'इन द नेटिव्ह स्टेट' हे नभोनाट्य लिहिलं. १९३० मध्ये एका संस्थानात आलेली इंग्रज कवयित्री फ्लोरा क्रू आणि तिचं चित्र काढणारा भारतीय चित्रकार निरद दास यांची ही गोष्ट. फ्लोराचा आवाज फेलिसिटी यांचा होता. तिच्या म्हाताऱ्या बहिणीची भूमिका ज्येष्ठ अभिनेत्री पेगी ॲशक्रॉफ्ट यांनी केली.

याच नभोनाट्यातून पुढे 'इंडियन इंक' हे रंगमंचीय नाटक तयार झालं. १९९५ मध्ये ते लंडनमध्ये आलं, तेव्हाही फ्लोरा फेलिसिटीच होत्या. स्टॉपर्ड यांनी हे नाटक लॉरा केंडल यांच्या स्मृतीला अर्पण केलं आहे. त्याच वर्षी फेलिसिटी यांना सीबीई हा ब्रिटिश किताब मिळाला.

साठीनंतरही काम सुरूच

१९९८ मध्ये त्यांचं 'व्हाइट कार्गो' हे आत्मकथन आलं. वडिलांचं शेवटचं आजारपण आणि भारतातल्या आठवणी त्यात एकमेकींत गुंफलेल्या आहेत. जेफ्री त्याच वर्षी गेले.

२००३ मध्ये आयटीव्हीवर 'रोझमेरी अँड थाइम' सुरू झाली. बागकाम करणाऱ्या दोन मध्यमवयीन बायका खुनांचा छडा लावतात, अशी ही मालिका. सोबत होत्या पॅम फेरिस. २०१० मध्ये 'स्ट्रिक्टली कम डान्सिंग' या नृत्यस्पर्धेत त्या उतरल्या, तेव्हा वय होतं ६४! २०१२ मध्ये बीबीसीच्या माहितीपटासाठी त्या भारतात परतल्या. शेक्सपिअर या देशात कसा रुजला, हा त्याचा विषय होता.

आणि २०२५ च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या हॅम्पस्टेड थिएटरमध्ये 'इंडियन इंक' पुन्हा आलं. या वेळी ७९ वर्षांच्या फेलिसिटी होत्या फ्लोराच्या म्हाताऱ्या बहिणीच्या, एलिनॉर स्वानच्या भूमिकेत. तरुणपणीच गेलेल्या आपल्या बहिणीचं भारतातलं आयुष्य म्हातारपणी आठवत बसणारी बाई, अशी ही भूमिका. प्रयोग सुरू होण्याच्या काही दिवस आधीच, २९ नोव्हेंबरला स्टॉपर्ड यांचं निधन झालं होतं.

आपल्याकडे त्यांची ओळख शशी कपूर यांची मेहुणी एवढीच, तर ब्रिटनमध्ये बार्बरा. भारतातल्या फिरत्या नाटक मंडळीत घडलेली ही नटी ऐंशीच्या उंबरठ्यावरही रंगमंचावर उभी आहे, हे मात्र दोन्हीकडे क्वचितच सांगितलं जातं.