किसान सन्मान निधी, टाळेबंदीकाळातील (बीड जिल्हा)

कोरोना साथीच्या टाळेबंदीत केंद्र शासनाने जमीनधारक शेतकरी कुटुंबांच्या बँक खात्यांत थेट जमा केलेले अर्थसाहाय्य.

उगम : प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजना २४ फेब्रुवारी २०१९ रोजी सुरू झाली. तीत वर्षाला ६,००० रु. तीन समान हप्त्यांत मिळतात. २६ मार्च २०२० रोजी जाहीर झालेल्या गरीब कल्याण पॅकेजनुसार २०२०–२१ चा २,००० रुपयांचा पहिला हप्ता एप्रिलच्या प्रारंभीच देण्यात आला. ही वाढीव रक्कम नव्हती.

वैशिष्ट्ये : पात्रता जमीन अभिलेखावर ठरते (पहा : सातबारा उतारा). त्यामुळे आष्टी, गेवराई, केज, परळी आदी अकरा तालुक्यांतील भूमिहीन ऊसतोड मजूर व इतरांची जमीन बटाईने कसणारे योजनेबाहेर राहिले. प्राप्तिकरदाते व संस्थात्मक जमीनधारकही अपात्र आहेत. गावनिहाय लाभार्थी यादी योजनेच्या संकेतस्थळावर उपलब्ध असते.

महत्त्व : माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार अनुदान कार्यक्रमांवरील रकमा व लाभार्थ्यांचा तपशील स्वतःहून प्रसिद्ध करणे सार्वजनिक प्राधिकरणांना बंधनकारक आहे (पहा : माहितीचा अधिकार). जाहीर यादीमुळे ग्रामस्थांना नावे पडताळता येतात (पहा : ग्रामसभा). अपात्रांना मिळालेली रक्कम वसूल करण्याची तरतूद योजनेत आहे. २०२२ मध्ये लाभार्थ्यांना ई-केवायसी सक्तीचे करण्यात आले.