चाकांवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आम्हा परमुलुखातील नोकरदारांस कोणी समजावून सांगावी लागत नाही. बदलीचा हुकूम येतो, ट्रंका बाहेर निघतात, तसबिरी उतरतात आणि भिंतीवर त्यांच्या जागी उजळ चौकोन तेवढे उरतात. नव्या गावी नवे क्वार्टर, नवे नळ, नवे शेजारी. ह्या यातायातीवर मनुष्याने एक तोड फार पूर्वीच काढून पाहिली आहे. घरातले सामान हलवीत बसण्यापेक्षा घरच हलवावे, ही ती तोड. मोटारीमागे जोडून न्यावयाचा राहता ट्रेलर हा तिचा आजचा अवतार. परंतु ह्या ट्रेलरचे पूर्वज पाहावयाचे झाल्यास म्हैसूर शहर व त्याचा परिसर ह्यांसारखे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल. चालत्या घराची हौस किती, खर्च किती आणि कष्ट कोणाचे, ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तेथे एका दिवसाच्या फेरीत मिळतात.

पहिला पूर्वज म्हणजे तंबू. आपल्या जुन्या राज्यव्यवस्थेत अठरा कारखाने सांगितले आहेत. त्यांपैकी एक फरासखाना. आज पुण्यात हे नाव एका पोलीस चौकीपुरते उरले असले, तरी त्याचा मूळ अर्थ डेरे, राहुट्या, कनाती, जाजमे आणि बिछायती सांभाळणारे खाते असा आहे. कापड भिजले तर वाळवावयाचे, कसर लागली तर निवडावयाचे, दोर बदलावयाचे, मेखा मोजून घ्यावयाच्या, आणि धन्याचा एक डेरा उभा असतानाच दुसरा पुढच्या मुक्कामी पाठवावयाचा, ही सर्व कामे फरासांची. वाहून नेण्यासाठी उष्टरखान्याचे उंट व बैल. चालत्या घराची मालकी एकाची, पण त्याच्या देखभालीला एक अख्खे खाते लागते, ही गोष्ट आपल्या पूर्वजांनी पक्की ओळखली होती.

ह्या व्यवस्थेची कसोटी म्हैसूरपासून फार दूर नव्हे, श्रीरंगपट्टणच्या आसमंतात १७९१ च्या मे महिन्यात लागली. लॉर्ड कॉर्नवॉलिस टिपू सुलतानाच्या राजधानीपर्यंत येऊन ठेपला होता, परंतु त्याचे बैल चाऱ्यावाचून मरत होते आणि फौजेस अन्न पुरत नव्हते. ओढणारे जनावरच उरले नाही तेव्हा त्याला आपल्या वेढ्याच्या जड तोफा स्वतःच्या हाताने निकामी करून मागे फिरावे लागले. त्या परतीच्या वाटेवर हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन ह्यांची मराठी फौज त्याला येऊन मिळाली. तिच्याबरोबर तिचा बाजारही होता. धान्य, कापड, भांडी, सराफ, कारागीर, असे एक चालते शहरच ते. भाव चढे होते, पण माल होता, आणि उपाशी इंग्रजी छावणी त्यावर तगली. चालत्या वस्तीचे सामर्थ्य तिच्या डेऱ्यांच्या थाटावरून मोजू नये, ओढणारी जनावरे व रसद ह्यांवरून मोजावे, हा धडा त्या प्रसंगाने शिकवला.

ओढणाऱ्या जनावरांच्या बाबतीत म्हैसूरचे राज्य स्वतः मागे नव्हते. चिक्कदेवराज वडियार ह्यांच्या काळी, म्हणजे सतराव्या शतकाच्या अखेरीस, राज्याचे गोधन सांभाळण्यासाठी ‘बेण्णे चावडी’, म्हणजे लोण्याचे खाते, होते. टिपूने त्यालाच ‘अमृत महाल’ असे नाव दिले. ह्या खात्याचे बैल चपळाई व चिवटपणा ह्यांबद्दल इतके नावाजले गेले, की १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी ती गुरे आपल्या फौजेसाठी ताब्यात घेतली. त्याच लुटीत टिपूचा एक तंबूही गेला. छापील फुलांच्या चिटाचा तो तंबू आज वेल्समधील पोविस किल्ल्यात आहे, आणि मध्यंतरी तेथील बागेतल्या मेजवान्यांसाठी तो उभारला जात असे. रणांगणावरच्या घराचे असे हे रूपांतर. बैल कामास लागले, तंबू शोभेस लागला.

दुसरा पूर्वज रुळांवरचा. बंगळूर ते म्हैसूर हा मीटर गेजचा रेल्वेमार्ग १८८२ साली पुरा झाला आणि थोड्याच वर्षांत तो चालवण्याचे काम सदर्न मराठा रेल्वे कंपनीकडे गेले. कंपनीच्या नावात ‘मराठा’ असल्याने आपल्या मंडळींस उगाच अभिमान वाटतो. कंपनी अर्थातच विलायती होती. परंतु तिच्या रुळांनी एक गोष्ट मात्र खरी साधली. १८९० च्या सुमारास पुण्याहून मिरज, हुबळी, बंगळूर असा एकाच मापाचा लोहमार्ग तयार झाला, आणि म्हैसूरचा डबा चाके न बदलता मुठेच्या काठापर्यंत येऊ शकेल अशी सोय झाली.

ह्या पार्श्वभूमीवर १८९७ साल येते. राजकन्येच्या विवाहसमारंभाच्या वेळी म्हैसूरचा जुना लाकडी राजवाडा आगीत जळाला. महाराज चामराजेंद्र वडियार १८९४ च्या डिसेंबरात कलकत्त्यास निवर्तले होते, नवे महाराज कृष्णराज अज्ञान होते, आणि कारभार महाराणी वाणीविलास सन्निधान ह्या रीजंट म्हणून पाहत होत्या. नवा राजवाडा हेन्री आयर्विन ह्या वास्तुशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली उभा राहू लागला. तो पुरा व्हावयास १९१२ साल उजाडले. ह्या मधल्या काळात, १८९९ साली, राजघराण्याचे रेल्वे सलून तयार झाले. दगडी घर पायाशीच होते तेव्हा रुळांवरचे घर धावू लागलेही होते. महाराणींच्या सलूनला स्वयंपाकघर आहे, भोजनाची जागा आहे, स्वतंत्र शौचगृह आहे. सोवळे, पडदा आणि वेळेवर जेवण ह्या तिन्हींची तजवीज मीटर गेजच्या अरुंद डब्यात बसवणे हे सुताराचे कौशल्य होते, तसेच ते एका कर्त्या गृहिणीच्या गरजांचे चित्रही आहे.

आता अशा घराच्या देखभालीकडे पाहू. त्या काळचा डबा म्हणजे लोखंडी सांगाड्यावर बसवलेले लाकडी घर. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते; दारे अडकतात, सांधे उघडतात. छतावर ताणलेल्या किंतानाला वेळोवेळी रंगाचे थर द्यावे लागतात. तेथे एक भेग पडली की पाणी भिंतीच्या आतून उतरते आणि कळते तेव्हा आतले लाकूड कुजलेले असते. खाली धुऱ्यांच्या पेट्यांत तेलाने भिजवलेले सूत भरावयाचे. ते कोरडे पडले तर धुरा तापून लाल होतो आणि राजाची गाडीसुद्धा वाटेत उभी राहते. आत हस्तिदंत असो की जरतार, बाहेर तेलाचा डबा घेऊन वाकलेल्या मनुष्यावाचून ते सारे जागचे हलत नाही. त्या मनुष्याचे नाव आज कोणत्याही फलकावर दिसत नाही.

शिवाय घर आपले असले तरी रूळ आपले नसतात. मीटर गेजची रुंदी १,००० मिलिमीटर, ब्रॉड गेजची १,६७६. बंगळूरहून मद्रासेकडचा मार्ग ब्रॉड गेजचा होता. तेथे एकतर घराची चाके बदला, नाहीतर घर सोडून उतरा. बडोदे संस्थानात तर १८६२ साली डभोईकडे जी अरुंद मापाची गाडी सुरू झाली, ती प्रथम बैलच ओढीत. ह्या तिन्ही मापांच्या जंजाळात कितीही ऐश्वर्यवान संस्थानिक असला तरी त्याच्या घराची हद्द दुसऱ्याच्या रुळांनी ठरवलेली होती.

१९५१ च्या १४ एप्रिलला म्हैसूर स्टेट रेल्वे दक्षिण रेल्वेत विलीन झाली. संस्थाने गेली, सलूनचे प्रयोजनही गेले. म्हैसूर स्टेशनाजवळ १९७९ साली रेल्वे संग्रहालय उघडले आणि महाराणींचे सलून तेथे स्थिर झाले. महाराजांचे सलून मात्र दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. बडोद्याच्या गायकवाडांचे १८८६ सालचे सलूनही तेथेच. म्हणजे एका घराण्याचे बिऱ्हाड दोन गावी वाटले गेले. बदलीच्या नोकरीत एक खोली म्हैसुरात व दुसरी दिल्लीत राहिलेली अशी कुटुंबे आमच्या वाचकांच्या चांगल्या परिचयाची आहेत! म्हैसूरच्या त्याच आवारात एक ऑस्टिन मोटारही आहे. ती १९२५ च्या सुमाराची, मूळची रस्त्यावरची. तिला रुळांवरची चाके लावून रेल्वेच्या कामास जुंपले. फेरफार करून वस्तूचे आयुष्य वाढते, ह्याचा तो लहानसा पण बोलका पुरावा आहे.

तिसरा अवतार आजचा. विल्यम गॉर्डन स्टेबल्स ह्या निवृत्त नाविक डॉक्टराने १८८५ साली इंग्लंडात ब्रिस्टलच्या एका कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची घोड्यांनी ओढण्याची राहती गाडी हौसेसाठी बांधवून घेतली. पुढे घोड्यांची जागा मोटारीने घेतली आणि राहता ट्रेलर मध्यम स्थितीच्या मनुष्याच्या आटोक्यात आला. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले, तेव्हापासून ही हौस सरकारी कागदांतही शिरली आहे. परंतु हौस नवी, नियम जुनेच. बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले की गाडी उलाळते आणि जू वर उचलले जाते. पुढे जास्त झाले की जू बैलांच्या मानेवर बसते. ट्रेलरचेही तसेच. एकूण वजनाचा साधारण दहावा ते सातवा हिस्सा जोडणीवर यावा, असा जाणकारांचा दंडक आहे. तो कमी पडला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हेलकावे खाऊ लागतो. म्हणून मागच्या भिंतीला एक कपाट वाढवणे किंवा पाण्याची टाकी मागे सरकवणे हा वरवर निरुपद्रवी दिसणारा बदल घाटात जिवावर बेतू शकतो. छताची भेग, चाकांच्या बेअरिंगचे वंगण, सांध्यांतून झिरपणारे पाणी, ही १८९९ च्या डब्याची दुखणी ट्रेलरने जशीच्या तशी वारशाने घेतली आहेत. आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते, की नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकास मनास येईल तसा करता येत नाही. रूळ गेले, तरी दुसऱ्याचा रस्ता आहेच.

ह्या सर्व इतिहासातून आमच्या मनात एक गोष्ट ठसते. डेरा असो, सलून असो की ट्रेलर, चालते घर टिकले ते त्याला सांभाळणाऱ्या हातांमुळे. मालकांची नावे इतिहासात आली. फरास, बैलवाले, सुतार, वंगणवाले ह्यांची आली नाहीत. तरी ती सर्वस्वी नाहीशीच झाली असतील असे आम्हांस वाटत नाही. अशी नावे हजेरीपटांत, सामानाच्या पावत्यांत, दुरुस्तीच्या नोंदवह्यांत असतात, आणि त्या वह्या ज्या कपाटांत पडून राहतात त्यांच्या किल्ल्या पुष्कळदा आमच्या वाचकांसारख्या अधिकाऱ्यांच्याच हाती असतात. जुने दप्तर गाळून निकालात काढण्याचा कागद सहीस येतो तेव्हा आपण सारेच घाईत असतो. सही करण्यापूर्वी एकदा वह्या उघडून पाहाव्यात, एवढीच विनंती. एखादे सलून १८९९ साली कोणी रंगवले, कोणी त्याच्या धुऱ्यांत तेल घातले, हे त्यांत लिहिलेले असेल. आणि ते पान रद्दीत गेले तर दुसरे कोठेही मिळणार नाही.