घरांतली रात्रपाळी

जालन्याविषयींची एक जुनी म्हण मराठवाड्यांत सर्वांस पाठ आहे: जालना सोने का पालना. आज त्या पाळण्यांत सोन्याऐवजीं लोखंड आहे, आणि तें निजत नाहीं. शहरालगतच्या औद्योगिक वसाहतींत, जिला लहानथोर सारेच एमआयडीसी म्हणतात, भंगार वितळवून त्याच्या कांबी ओढणारे कारखाने अहोरात्र चालू असतात. पुष्कळ वर्षें कारखान्यांस रात्रीची वीज दिवसापेक्षां सवलतीनें मिळे. त्यामुळें विजेच्या भट्ट्यांना रात्रींच अधिक भूक लागे. गेल्या दिवाळीच्या आधीं दोन दिवस आम्ही तेथें आमच्या थोरल्या चुलतभावाच्या घरीं उतरलों होतों. भाऊ दुसऱ्या पाळीवर होता. मध्यरात्र होत आली असतां तहान लागली म्हणून उठलों, तों स्वयंपाकघरांत दिवा. वहिनी ओट्यापाशीं उभ्या. एका परातींत चकल्या, दुसरींत नानकटाईचे गोळे, आणि कोपऱ्यांत विजेची लहानशी भट्टी तापत ठेवलेली.

"वहिनी, आतां निजा," आम्ही म्हणालों.

"हा एवढा घाणा काढतें नि आलेंच, भाऊजी. पहिला जरा कडक झाला."

त्या कडक घाण्यांतली एक चकली आम्हीं खाऊन पाहिली. आम्हांस तींत दोष सांपडला नाहीं. त्यांना सांपडला होता.

हा दोष काढून टाकण्यासाठीं गृहिणीनें मध्यरात्रीपर्यंत जागावें हा प्रघात किती जुना असावा? सामान्य समजूत अशी कीं, तो चुलीइतकाच जुना आहे. आमच्या मतें ही समजूत चुकीची आहे. मराठी स्त्रीची झोप पूर्वींही मोडत असे. परंतु ती मोडे दुसऱ्या टोकाकडून.

जुन्या घरांत कामाची रात्र म्हणजे पहाट. कोंबडा आरवण्यापूर्वीं उठून जात्याशीं बसावें, आणि उजाडेपर्यंत घरांतल्या माणसांच्या भाकरीपुरतें पीठ पाडावें, हा क्रम शतकानुशतकें चालला. जालन्याहून फार दूर नसलेलें गोदातीरींचें गंगाखेड हें जनाबाईचें गांव. नामदेवांच्या घरच्या या दासीला दळूं लागण्यास साक्षात् विठ्ठल येई अशी आपली परंपरा सांगते. देवाला मदतीस बोलवायचें तें पूजेला नव्हे, स्वयंपाकालाही नव्हे, तर जात्याला, यावरून त्या कामाचा भार किती असे तें ओळखावें. या पहाटेच्या श्रमानेंच ओवीला जन्म दिला असें म्हटलें तर तें अतिशयोक्तीचें होणार नाहीं. गी पॉइत्वँ आणि हेमा राईरकर यांनीं खेडोपाडीं फिरून जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह केला, त्यांतील ओव्यांची संख्या एक लाखावर जाते. एवढें वाङ्मय ज्या वेळेंत निर्माण झालें ती वेळ जगाच्या हिशेबीं झोपेची होती.

उलट, जेवणानंतरची रात्र ही कामाची नव्हती. तेलाचा दिवा महाग; एका समईच्या उजेडांत कोणी करंज्यांची कड निरखीत बसत नसे. रात्रीचें जागरण असे तें देवाचें किंवा खेळाचें. मंगळागौरीची रात्र, हरतालिकेची रात्र, कोजागिरी, गोंधळ. नवी लग्न झालेली मुलगी सासरच्या धाकांतून सुटून फुगडी-झिम्मा खेळे ती रात्रींच. म्हणजे पहाट कष्टाची आणि रात्र मोकळीकीची अशी ढोबळ वांटणी होती. ती सुखाची होती असें आम्ही म्हणत नाहीं. चार तासांच्या झोपेवर कोणी सुखी होत नाहीं. वांटणी होती एवढेंच.

ती बदलली दोन गोष्टींनीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रॉकेलचा दिवा घरोघर आला, आणि पुढें पिठाची गिरणी आली. मनमाडहून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास जालन्यावरून गेला. निजामाच्या राज्यांतील हें व्यापारी गांव त्यामुळें मुंबईच्या बाजारास जोडलें गेलें, आणि अशा गांवांत नव्या वस्तु आधीं पोंचत. गिरणीनें पहाटेचें दळण उचललें. बाईला दोन-तीन तासांची झोप परत मिळावी, अशी अपेक्षा कोणीही करील. पण घडलें तें असें कीं, दिव्यानें तेवढेच तास दुसऱ्या टोकाला जोडून दिले. दिवस पुढें सरकला, लहान झाला नाहीं.

या नव्या उजेडाचा उपयोग कशाकडे करावा याविषयीं आरंभीं दोन मार्ग खुले होते हें विसरतां कामा नये. रमाबाई रानडे यांचें 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हें पुस्तक १९१० मध्यें प्रसिद्ध झालें. घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांचा रोष सोसून, दिवसाचीं कामें उरकल्यावर रात्रीं पतीपाशीं धडे घ्यावयाचे, हा त्यांचा क्रम त्या पुस्तकावरून आपणांस माहीत आहे. नेमक्या त्याच १९१० सालीं लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हें जाडजूड पुस्तक निघालें. एका दिव्याखालीं हीं दोन्ही पुस्तकें ठेवून पाहावीं. एक सांगतें कीं रात्र वाचण्याची आहे. दुसरें हजार कामें पुढें ठेवतें. दोन्ही लेखिका सुशिक्षित, दोघींनींही स्त्रियांचें हितच चिंतिलेलें. पुढच्या शंभर वर्षांत यांतील कोणत्या पुस्तकानें अधिक रात्री जागविल्या तें सांगण्याची गरज नाहीं.

पाकशास्त्राचीं पुस्तकें त्यापूर्वीं नव्हतीं असें नाहीं. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें 'सूपशास्त्र' १८७५ चें आहे. परंतु जोंवर पदार्थ सासूच्या हातून सुनेच्या हातांत येत होता, तोंवर त्याचें प्रमाण 'अंदाज' हें होतें, आणि अंदाजांत थोडी क्षमा असते. छापील पुस्तकानें शेर आणि तोळे आणले. १९७० मध्यें आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'नें वाटी आणि चमचा आणून तें प्रमाण घरोघर नेलें. हजारों नवशिक्या मुलींना, विशेषतः सासू-आई जवळ नसलेल्यांना, या पुस्तकांनीं केवढा आधार दिला हें आम्हीं घरांत पाहिलें आहे. मात्र प्रमाण निश्चित झालें कीं चूकही निश्चित होते. पूर्वीं चकली बिघडली तर भाजणीचा, हवेचा, नाहींतर दृष्टीचा दोष असे. आतां तो करणारीचा झाला.

आणि आपले सणाचे पदार्थ असे विलक्षण, कीं ते करणारीची परीक्षाच घेतात. अनारशाचें घ्या. तांदूळ तीन दिवस भिजवावयाचे, रोज पाणी बदलावयाचें, सावलींत निथळवून ओलसर असतांनाच कुटावयाचे, गुळाशीं मळून तो गोळा मुरत ठेवावयाचा. आणि इतकें करून तुपांत सोडतांच तो फुटून पसरला तर आपण म्हणतों, अनारसा हसला. आठ दिवसांचे श्रम ज्याच्यापुढें हसण्यावारीं जातात अशा पदार्थाला याहून नेमका शब्द कोणी दिला नसता. हा शब्द खचित एखाद्या थकलेल्या बाईनेंच केलेला आहे.

संक्रांतीचा हलवा तर रात्रीचाच. मंद निखाऱ्यांवर परात ठेवून तींत तीळ किंवा खसखस घ्यावी, पातळ पाक थेंबाथेंबानें सोडावा, आणि बोटांच्या टोकांनीं दाणे सारखे फिरवीत राहावें. धग वाढली तर साखर पीठ होऊन सुटते. हात थांबला तर दाणे एकमेकांस चिकटतात. कांटा उठतो तो पौषाच्या थंडींत, वारा पडलेला असतांना, घर निजल्यावर किंवा उजाडण्यापूर्वीं. असे कित्येक दिवस. मग त्या हलव्याचे दागिने गुंफून नव्या सुनेच्या किंवा बोरन्हाणाच्या बाळाच्या अंगावर घालावयाचे. दागिने पाहणारे कांट्याची तारीफ करतात. बोटें कोणी पाहत नाहीं.

नानकटाईची कथा मात्र थोडी निराळी, कारण तिला भट्टी लागते, आणि भट्टी मराठी घराची नव्हे. आपल्याकडे रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजतात, बट्टी भाजतात. पण पावाची भट्टी ही परक्याची, आणि पांढरपेशा घरांत तर पाव-बिस्किटांचा विटाळच मानला जाई. पुण्यांतील पंचहौद मिशनांत १८९० मध्यें झालेल्या चहापानावरून केवढें ग्रामण्य माजलें, आणि रानडे-टिळकांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादांतून सुटतां आलें नाहीं, तें प्रसिद्धच आहे. पुढें दोन-तीन पिढ्यांतच त्याच पांढरपेशा घरांतील बायका दिवाळीच्या तोंडावर मैदा, रवा, पिठीसाखर आणि तुपाचा डबा घेऊन बेकरीच्या दारांत बसूं लागल्या! तूप परातींत तळहातानें पांढरें होईपर्यंत फेसावयाचें, गोळे करून पत्र्यावर मांडावयाचे, आणि पाव निघून भट्टीची धग उतरली कीं आपला पत्रा आंत जाण्याची वाट पाहावयाची. क्रम लागे त्याप्रमाणें दहा वाजत, अकरा वाजत. आमच्या लहानपणीं हातांत कापडी पिशवी धरून अशा रांगेंत आम्ही पेंगलों आहों. तेथें एक गोष्ट मात्र चांगली होती: जागणाऱ्या बायका एकत्र जागत. कोणाचा पत्रा करपला तर सर्वजणी हळहळत, आणि ज्याच्या त्याच्या डब्यांतून चार-चार त्या बाईच्या डब्यांत पडत. घरोघर विजेची भट्टी आली तेव्हां रांग गेली, आणि ही सोबतही गेली.

आतां कायद्याकडे पाहूं. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८९० च्या एप्रिलांत मुंबईस गिरणी-कामगारांची सभा भरविली. तींत दहा हजारांच्या आसपास लोक होते आणि दोन कामकरी बायाही बोलल्या. त्याच वर्षाच्या जूनांत गिरण्यांस रविवारची सुटी मिळाली. पंचहौदाचा चहा आणि ही सुटी एकाच वर्षांतली. आमच्या इतिहासकारांनीं चहावर अधिक शाई खर्च केली आहे. पुढें १९१९ मध्यें वॉशिंग्टन येथें भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें उद्योगधंद्यांत स्त्रियांस रात्रीं कामावर ठेवूं नये असा करार केला, आणि स्वतंत्र हिंदुस्थानच्या १९४८ च्या कारखाना कायद्यानें सकाळीं ६ ते सायंकाळीं ७ याखेरीज स्त्रीला कारखान्यांत काम करण्यास मनाई केली. २०२० मध्यें संसदेनें केलेल्या संहितेनें तिच्या संमतीच्या अटीवर रात्रपाळीचें दार उघडलें. तें इष्ट कीं अनिष्ट हा वाद येथें नको. आम्हांस एवढेंच दिसतें कीं, ज्या काळांत स्त्रीच्या रात्रीच्या श्रमाची सरकारास काळजी वाटूं लागली, त्याच काळांत तिची घरांतली रात्रपाळी वाढत गेली. आणि रविवारची सुटी तर स्वयंपाकघरांत अधिक पदार्थ घेऊन आली. घरांत संमति कोण विचारतो?

हिशेब अलीकडे होऊं लागला आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या कालविनियोग पाहणींत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटें जातात असें आढळलें. घरकामांत हात घालणाऱ्या पुरुषांचीं ९७. २०२४ च्या पाहणींत हे आंकडे २८९ आणि ८८ झाले. स्त्रियांचीं दहा मिनिटें कमी झालीं हें खरें, पण पुरुषांचीं नऊ.

असे आंकडे पुढें ठेवले कीं कोणी म्हणतें, मग करतात कशाला, बाजारांत सर्व मिळतें. हें बोलणें आम्हांस उथळ वाटतें. सोनाराला किंवा गवयाला असें कोणी विचारीत नाहीं. कडक चकली आणि खुसखुशीत चकली यांतला भेद ज्या जिभेला कळतो तिला तो भेद सोडून निजणें सोपें नाहीं. तें कारागिराचें दुःख आहे, आणि त्याचा मान राखावा. आमची तक्रार त्या जागरणाविषयीं नाहीं, तर त्या जागरणांत आम्ही पुरुष तहान लागेपर्यंत निजलेले असतों याविषयीं आहे. जालन्याच्या भट्टीसाठीं रात्रीच्या विजेचा वेगळा दर ठरत होता. ओट्यावरच्या भट्टीसाठीं आम्हीं त्या रात्रीं काय केलें म्हणाल, तर पाणी पिऊन परत जाऊन निजलों.

झोप लागत होती तों पाळी सुटल्याचा भोंगा ऐकूं आला, थोड्या वेळानें दार वाजलें, आणि वहिनींचा आवाज आला: "अहो, ही खाऊन सांगा बरं, झाली कां नीट?" भाऊ काय म्हणाला तें कळलें नाहीं. सकाळीं निघतांना आमच्या पिशवींत चकल्यांचा जो डबा आला तो दुसऱ्या घाण्याचा होता. पहिल्या घाण्याचा डबा फडताळाच्या खालच्या कप्प्यांत होता, घरच्यांसाठीं.